आबांचा दहावा

लियाकत मुलाणी मेला नव्हता. मेले होते आबा पाटील, तेही मालिकेत, ट्रॅक्टरखाली. चॅनेलला कथा वीस वर्षं पुढे न्यायची होती आणि म्हातारा आड येत होता, म्हणून त्याला मारला. चार वर्षं आबा झालेला वाईचा लियाकत घरी बसला.

आबाच्या आधी त्याने हवालदार केले, दारुडे केले, प्रेतं तर किती केली. डबिंगमध्ये गुंडांच्या टोळीतल्या तिसऱ्या गुंडाची किंकाळी त्याची असायची. किंकाळीला कोण नाव देतो?

नगरपालिकेच्या तिकिटासाठी टपलेल्या शंभूराजने घाटावर फ्लेक्स ठोकला: ‘आबा, परत या!’ कोपऱ्यात आबांच्या मिशा-फेट्यातला, हार घातलेला लियाकत, बाकी सगळा शंभूराज, गॉगलसकट. तो फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरता फिरता आबा गळाले आणि खुद्द नटच वारला अशी बातमी झाली.

दहाव्या दिवशी सकाळी पुण्याच्या स्टुडिओतून शिवांजलीचा फोन आला. लियाकत तिथे एका कार्टून सिनेमात म्हाताऱ्या सिंहाचा आवाज देणार होता. जन्मात पहिल्यांदा मुख्य काम.

“काका गेल्याचं कळलं. घरच्यांपैकी कोणी आहे का?”

“मीच बोलतोय की.”

मग ती म्हणाली, “काका, निर्माते घाबरलेत. लोक ज्याला मेलेला समजतात त्याचा आवाज मुहूर्ताला नको म्हणतात. संध्याकाळपर्यंत तो फ्लेक्स उतरवल्याचा व्हिडिओ पाठवा. नाहीतर दुसरा माणूस घेतील.”

लियाकत घाटावर पळाला. मागे त्याची आई, जन्नतबी.

घाटावर अख्खी पेठ जमलेली. आबांचा दहावा होता! गुरुजी, पिंड, माईक, सगळं तयार. फक्त कावळा शिवत नव्हता.

“दादा, तेवढा फ्लेक्स उतरवा. माझं हातचं काम चाललंय.”

“कोन आपन?” शंभूराजने विचारलं.

“ज्याचा दहावा घालताय, तो.”

शंभूराजने फ्लेक्सकडे बघितलं, मग त्याच्याकडे. “मिशा कुठायत?”

“चिकटवायचो. मी लियाकत मुलाणी, हितलाच.”

नाव ऐकताच शंभूराजने त्याला दंडाला धरून बाजूला ओढलं. “हळू बोला, चाचा! पाटलाचा दहावा हाय. लोकांना कळलं तर माझं तिकीट जाईल.”

“आन माझं काम?”

“त्ये नंतर बघू. आदी कावळा शिवू द्या.”

तो माईकवर गेला. “आबा, पेठेत पेव्हर ब्लॉक घालतो!” कावळा देवळाच्या शिखरावर बसून मान खाजवत राहिला. “हायमास्ट लावतो, आबा!” कावळा हलला नाही.

“आवं, नातीच्या लग्नाचं बोला की,” एक बाई डोळे पुसत म्हणाली. “त्येंचा जीव तितंच आडकलाय.”

नात मालिकेतली. तरी शंभूराज ओरडला, “लावून देतो! सगळा खर्च माझा!”

टाळ्या पडल्या. गटार तुंबून पेठेत गुडघाभर पाणी होतं तेव्हा हाच शंभूराज फोन उचलत नव्हता.

जन्नतबी गर्दी फाडत पुढे आली. “शंभ्या, तुज्या बारशाला जेवलीय मी! माज्या जित्या लेकाला हार घालतोस व्हय रं? कावळ्याला हाय तेवडीबी अक्कल न्हाई तुला.”

“म्हातारीला बसवा रं कुणीतरी,” शंभूराज म्हणाला.

तेवढ्यात लियाकतने माईक हिसकावला. मिशी नव्हती, फेटा नव्हता. त्याने फक्त छाती भरून आबांचा आवाज काढला.

“शंभूराज. माझा फ्लेक्स उतरव.”

बायका हुंदके द्यायला लागल्या. जिवंत लियाकत समोर उभा राहून विनवत होता तेव्हा कुणी ढुंकून बघितलं नव्हतं. आता मेलेले आबा बोलले, तर मंडळाची पोरं धडाधड बांबूवर चढली आणि फ्लेक्स खाली आला. शंभूराजनेही हात जोडले. न जोडून सांगतो कुणाला? सगळ्यांचे मोबाईल चालू होते. एकाकडून व्हिडिओ घेऊन लियाकतने पुण्याला पाठवला.

पायाला शिवायला रांग लागली तोवर शिवांजलीचा फोन आला.

“काका, सर खूश आहेत! काम तुमचंच. फक्त पडद्यावर नाव आबा पाटील लावू. लोकांना तेच माहीत आहे ना.”

लियाकतने पाय मागे घेतले. “आबा ट्रॅक्टरखाली मेला, बाई. काम करनारा लियाकत मुलाणी हाय. त्येच नाव लावा, न्हाईतर सिंहाला दुसरा गळा बघा.”

“काका, असं तोडून नका बोलू...”

“विचारा तुमच्या सरांना. मी धरतो.”

त्याने फोन कानाला लावून ठेवला. जन्नतबी त्याच्या तोंडाकडे बघत उभी होती. हे काम गेलं तर पुन्हा किंकाळ्या, हे तिलाही ठाऊक होतं.

“काका, सर हो म्हणतात,” शिवांजली फोनवर परत आली. “पण नाव शेवटी येईल. सिनेमा संपल्यावर पाट्या जातात ना, त्यात.”

“लोक उठून गेल्यावर.”

“हो... तेव्हा.”

“लावा,” लियाकत म्हणाला. “मी आईला खुर्चीतनं उठू देनार न्हाई.”