गुळगुळीत पात्याचा गुन्हा

आमचे हे छोट्या सुऱ्या घडवतात. फळं सोलायच्या, कलमं करायच्या, चामडं कापायच्या. लोखंड तापवून, ऐरणीवर ठोकून, अगदी पहिल्यापासून हाताने. एवढं केल्यावर माणसाने घटकाभर टेकावं की नाही? पण ठोकून झालं की ह्यांचं खरं काम सुरू व्हायचं. आधी कानस, मग घासायचा कागद, मग त्याहून बारीक कागद. पात्यावर हातोडीची एकही खूण राहता कामा नये. सासऱ्यांची शिकवणच तशी. ठोका दिसला की समजावं, लोहार कच्चा. सासरे आता डोळ्यांनी अधू झालेत, नणंदेकडे राहतात, पण त्यांचा हा नियम आमच्या घरात ठाण मांडून होता. एका सुरीपायी अख्खा दिवस जायचा. तेवढ्या वेळात मी किती पंक्चर काढतो, हे माझा टायरवाला भाऊ दर भेटीत मला ऐकवायचा.

मुठी माझ्याकडे. अक्रोडाचं लाकूड, मेंढ्याचं शिंग, कधी बैलाचं हाड. ऐकायला छान वाटतं. शिंगाला भोक पाडताना शेजारी उभं राहून बघा एकदा. जळक्या केसांचा तो वास जिन्याने थेट वर चढायचा आणि वरच्या मजल्यावरच्या मावशी नाकाला रुमाल लावून खाली उतरायच्या. शेवटी मावशींनी घरमालकाला गाठलं आणि घरमालकाने आम्हाला.

"भट्टी हलवा, नाहीतर खोली सोडा. आणि ते शिंगं-बिंगं आजपासून बंद."

भट्टी काय डोक्यावर घेऊन फिरायची? दुसरी जागा मिळाली नाही तर भावाच्या दुकानात नोकरी, एवढंच उरलं होतं. भावाचं नाव काढलं की ह्यांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा व्हायचा.

"तीन पिढ्या लोखंड घडवलं आणि मी रबराला ठिगळं लावू?"

"मग बसा रस्त्यावर," मी म्हटलं. माझं तोंड असंच आहे.

तेवढ्यात नगरपालिकेने जुन्या बस डेपोमागे हस्तकला गल्ली काढली. गाळे फक्त त्यांनाच, जे स्वतःच्या हाताने वस्तू घडवतात. मी म्हटलं, आता काय, गाळा आपलाच. हे तर तपासणीच्या आदल्या दिवशी नवा शर्ट इस्त्री करून घेऊन आले.

तपासायला समिती आली. समिती म्हणजे गळ्यात जाडजूड लाकडी मण्यांची माळ घातलेल्या एक बाई आणि त्यांच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावणारा एक दाढीवाला. ह्यांनी आपली सगळ्यात देखणी सुरी पुढे केली. पातं असं, की त्यात बाईंना स्वतःचे मणी मोजता आले असते. बाईंनी ती उलटसुलट केली आणि खाली ठेवली.

"हे मशीनवर केलंय."

"काय?" ह्यांना वाटलं बाई थट्टा करताहेत.

"हाताने केलंय, तर मग हात कुठे दिसतोय यात?"

"दिसू नये म्हणूनच तर दिवसभर घासली ना!"

बाईंनी दाढीवाल्याकडे पाहिलं. चोर स्वतःहून कबूल झाल्यावर पोलीस एकमेकांकडे पाहतात, तसं. मग दाढीवाल्याने पिशवीतून दुसऱ्या कुणाची तरी सुरी काढली. काळी, वाकडी, अंगभर देवीचे व्रण. मूठ म्हणजे झाडाची फांदी, सालीसकट.

"याला म्हणतात हात," तो म्हणाला.

मला राहवलं नाही. "अहो, ही साल पहिल्या धुण्यात सुटेल. मग मूठ हलायला लागेल."

"सुटू दे की," बाई मायेने म्हणाल्या. "लाकूड जिवंत असतं."

जिवंत लाकडाला हातात धरून कांदा कापायची पाळी त्यांच्यावर कधी आली नसावी.

हे मात्र चिडले. सुरी मशीनची आहे, हे त्यांना कुणी आईवरून शिवी दिल्यासारखं लागलं होतं. "आत्ता तुमच्यासमोर घडवतो," म्हणाले, आणि भट्टी पेटवली. घाम फुटला, नव्या शर्टाला ठिणगीने भोक पडलं. पातं लांबलं, टोक निघालं, एका अंगाला धारेचा उतार आला. राखाडी, खडबडीत, ठोक्याला ठोका लागलेलं. आता पुन्हा तापवायचं, हलक्या हाताने सारखं करायचं, मग लाल पातं बादलीत बुडवून पाणी द्यायचं आणि मग कानस. ह्यांनी सांडशीने पातं उचलून भट्टीकडे वळवलं आणि बाई किंचाळल्या.

"थांबा! हात लावू नका त्याला!"

दाढीवाल्याने टाळ्या वाजवल्या.

"हेच! हेच हवंय आम्हाला!"

"अहो, हे कच्चं आहे," हे म्हणाले. "अजून काहीच केलेलं नाही याला."

"फार तर पाणी आणि धार द्या. बाकी काही करू नका. अशाच करणार असाल, तर गाळा तुमचा."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला समोर फक्त गाळा दिसत होता. तिथे वर कुठल्या मावशी नसतील, शिंगाला भोक पाडताना दाराला कडी लावावी लागणार नाही.

"राहू द्या ना तसंच," मी म्हटलं. "अडला हरी, दुसरं काय."

ह्यांनी पातं भट्टीत घातलं नाही. बादलीजवळ ठेवून दिलं आणि हात पुसत बसले.

गाळा मिळाला आणि धंदा असा चालला की भावाची बोलतीच बंद झाली. पूर्वी दिवसाला एक सुरी व्हायची, आता जेवायच्या आत तीन व्हायच्या. गिऱ्हाईक खड्ड्यांवरून बोट फिरवायचं आणि डोळे मिटून "अहाहा" करायचं. मीही मुठींना साल ठेवायला शिकले. आतून राळ ओतायची, वरून अडाणी दिसायचं.

ह्यांना मात्र वाईट काम करणं सोपं गेलं नाही. जन्माची सवय. खुणा ठेवायच्या म्हटल्या तरी त्या एका ओळीत, सारख्या अंतरावर, कवायतीला उभ्या केल्यासारख्या. दाढीवाला एकदा पाहणीला आला तेव्हा म्हणाला, "जरा विस्कटा हो." मग हे विस्कटायला शिकले. कुठे ठोका चुकला तर चुकल्यासारखा दिसेल, याचा माणूस विचार करायला लागला. जमलंही हळूहळू. जमल्याचा आनंद काही त्यांच्या तोंडावर दिसला नाही. मी विचारलंही नाही, कारण उत्तर मला ठाऊक होतं.

एके सकाळी नणंद सासऱ्यांना घेऊन आली. मुलाचं दुकान बघायची त्यांना फार हौस. बघायची म्हणजे हाताने. फळीवरून चाचपत एक सुरी उचलली आणि पात्यावर अंगठा ठेवला. अंगठा निघाला तो पहिल्या खड्ड्यात थांबला, पुढे सरकला, पुन्हा थांबला. सुरीच्या टोकापर्यंत पोचेस्तोवर म्हाताऱ्याचा चेहरा उतरला होता.

"हे कुणी केलं रे?"

ह्यांच्या हातात हातोडी होती. ती त्यांनी आवाज न करता खाली ठेवली.

"मी नाही, बाबा. कारखान्यातून येतात. नुसत्या विकायला ठेवल्यात."

"असं होय!" सासऱ्यांचा जीव भांड्यात पडला. "कारखान्यात आता असला माल करतात? आणि तुझ्या सुऱ्या?"

"संपल्या. हातोहात गेल्या."

"जाणारच."

नणंदेने माझ्याकडे पाहिलं. मी हातातल्या मुठीच्या कामात डोकं घातलं. तेवढ्यात एक गिऱ्हाईक बाई आत शिरल्या. सरळ फळीपाशी गेल्या, त्यातली सगळ्यात विस्कटलेली सुरी उचलली आणि छातीशी धरली.

"किती सुंदर! हाताने केलेली आहे ना? तुम्हीच घडवलीत ना ही?"

सासऱ्यांनी मान तिरकी करून कान दिला. ह्यांनी एकदा सासऱ्यांकडे पाहिलं.

"नाही," हे म्हणाले. "मशीनची आहे."

बाईंनी सुरी अशी खाली ठेवली, जणू तिच्यावर झुरळ बसलं होतं. "मग पाटीवर हस्तकला कशाला लिहिता?" असं म्हणून तरातरा निघून गेल्या.

सासरे वळले. चाचपत ह्यांच्यापर्यंत गेले, खांदा सापडला तसा तो घट्ट धरला.

"शाबास. गिऱ्हाईक गेलं तर जाऊ दे. खोटं बोलून माल विकायचा नाही, एवढं पाळलंस, मला सगळं पावलं."

"हो, बाबा," हे म्हणाले.

सासरे कितीतरी वेळ तो खांदा थोपटत होते. ह्यांच्याकडे बघायचा मला धीर झाला नाही.