सात दिवसांचं दार

कापडावर हात उमटायला लागला तेव्हा हॉलमधल्या सत्तर-ऐंशी बायकांनी एकदम श्वास रोखला. हात इवलासा होता, माझ्या तळव्यात दोन मावतील एवढा. आधी तळवा दिसला, मग अंगठा, मग एकेक बोट. पाणी शिंपडलेल्या पांढऱ्या कापडावर तो बघता बघता गडद गुलाबी झाला. माझ्या पुढची बाई तोंडावर हात दाबून रडायला लागली. खोटं कशाला बोलू, माझ्याही अंगावर काटा आला.

हॉल म्हणजे बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानावरची लांबट खोली. एका आठवड्याआड रविवारच्या सुट्टीत दुपारी तिथे माई बसायची. पन्नाशीची, मऊ आवाजाची बाई. ती कधी ओरडायची नाही. तिच्या हातात गर्भनिरोधक गोळ्यांचं पाकीट होतं, आमच्यातल्या निम्म्या जणींच्या पर्समध्ये असायचं तसलंच.

"एकवीस पांढऱ्या गोळ्या," माई म्हणाली. "एकवीस दिवस दाराला कडी. मग सात तपकिरी. त्यांत औषध असतं का? नसतं. मी नाही म्हणत, तुमचे डॉक्टरच म्हणतात. मग त्या सात दिवसांत कडी कोण घालतं, सांगा बघू."

कुणी बोललं नाही. प्रश्न खरा होता आणि आमच्यापैकी एकीलाही त्याचं उत्तर ठाऊक नव्हतं. माईचं सगळं दुकान तेवढ्यावर चाललं होतं.

"ज्यांना तुम्ही येऊ दिलं नाहीत आणि जी येता येता परत गेली, ती लेकरं त्या सात दिवसांत उंबऱ्यावर येऊन उभी राहतात. आत येऊ का, विचारतात. तुम्हाला ऐकू येत नाही. मला येतं." तिने दुसऱ्या बाटलीतलं पाणी कापडावर शिंपडलं. हात फिकट होत गेला आणि नाहीसा झाला. "निजला. आता नीट ऐका. तपकिरी गोळ्या टाकून द्यायच्या. पाकीट संपलं की नवं माझ्याकडे आणायचं. मी हात फिरवीन, मगच पहिली गोळी. त्याआधी घ्याल तर दारात उभ्या असलेल्या लेकराच्या बोटांवर दार आपटेल."

माझी धाकटी बहीण माझ्या शेजारी बसली होती. तिने माझं मनगट धरलं. तिची नखं मला रुतली.

आम्ही दोघी एकाच कपड्यांच्या कारखान्यात कामाला होतो. ती शिवणाच्या लाइनीवर, मी रंगखान्याच्या तपासणी खोलीत. गेल्या वर्षी आठव्या महिन्यात तिचं मूल पोटातच गेलं. पोट कापून काढावं लागलं. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, दोन वर्षं तरी दिवस जाता कामा नयेत, टाक्यांवर ताण आला तर जिवावर बेतेल. म्हणून गोळ्या. आम्ही घरातले सगळे तिला "होईल गं पुन्हा" म्हणत राहिलो. तिच्याशी त्या मुलाबद्दल कुणी बोललं नाही. माई बोलली.

त्यानंतरच्या दुसऱ्या आठवड्यात शिफ्ट सुटल्यावर मी तिच्या खोलीवर गेले. दार अर्धं उघडं होतं. ढकलायला गेले तर ती आतून हळूच म्हणाली, "लावू नकोस, ताई. राहू दे तसंच."

खिडकीजवळ दोरीवर माईने दिलेलं कापड वाळत घालावं तसं लटकवलेलं होतं. ते कोरं होतं. चहाचे दोन कप भरून तिने एक माझ्यापुढे सारला आणि दाराकडे बघत बसली. कुणी पाहुणा यायचा असला की बसतो ना आपण, तशी.

"त्याची करंगळी आत वळलेली होती," ती म्हणाली. "नर्सने दाखवला तेव्हा मी एकटीने बघितली होती. तुम्हाला कुणालाच सांगितलं नाही. माईच्या कापडावर तश्शीच उमटली, ताई."

मी विषय बदलला. गोळ्या चालू आहेत ना, विचारलं. तिने फळीवरचं नवं पाकीट दाखवलं. ते फोडलेलं नव्हतं.

"जुनं कधी संपलं?"

"पांढऱ्या संपून अकरा दिवस झाले. तपकिरी मी टाकून दिल्या. रविवारी माईचा हात फिरला की चालू करीन."

"आणि तुझा नवरा?"

"गाडी घेऊन लांब गेलाय. सोमवारी येतोय."

मी पाकीट तिच्या हातात कोंबलं. तिने ते पुन्हा फळीवर ठेवलं. "बोटं चिरडतील त्याची," ती म्हणाली. आवाजात भीती नव्हती, समजूत होती. तीच मला जास्त लागली. निघताना मीसुद्धा दार अर्धंच उघडं ठेवलं. का ठेवलं, ते आजही सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत काजाच्या मशिनवरची बाई माझ्याशेजारी येऊन बसली. तिला आम्ही काजवाली म्हणायचो. तिसरं मूल नको म्हणून ती चार वर्षं गोळ्या घेत होती.

"मला दिवस गेलेत," ती म्हणाली. "माईने सांगितलंच होतं, दार उघडं राहतं म्हणून. माझं पाकीट संपलं तेव्हा माईची बैठक लांब होती. चौदा दिवस थांबले गं, एक गोळी घेतली नाही. तरी तो शिरलाच."

तिला हा पुरावा वाटत होता. मी जेवण तसंच टाकून तपासणी खोलीत आले.

आमच्याकडे कापड रंगवण्याआधी सोड्याच्या पाण्यात उकळतात. मग धुतात. सोडा पुरता निघाला की नाही हे बघायला मी कापडावर एका बाटलीतला थेंब टाकते. तो पाण्यासारखा बिनरंगी असतो. सोडा राहिला असेल तर तिथे गडद गुलाबी डाग उमटतो. दिवसातून दहा वेळा करते मी हे. त्या दुपारी डाग उमटला आणि मी त्याच्याकडे बघतच राहिले. माईचं पाणी शिंपडताना माझ्या हातावर उडालं होतं. बोटं एकमेकांवर घासली तर बुळबुळीत लागली होती. दुसऱ्या पाण्याला आंबूस वास होता. आम्हीही सोडा मारायला आम्लाचं पाणीच वापरतो.

तुटक्या रबरी चपलेचा तळ कापून मी एक छोटा हात बनवला. बाटलीतल्या द्रवात बुडवून पांढऱ्या चिंधीवर दाबला, वाळवला. कापड कोरं दिसत होतं. सोड्याचं पाणी शिंपडलं आणि माझ्या टेबलावर, माझ्या डोळ्यांदेखत, एक मूल हात टेकून गेलं. मीच केलं होतं ते.

संध्याकाळी धाकटीला जवळजवळ ओढतच दवाखान्यात नेलं. माईचा प्रश्न मी जसाच्या तसा डॉक्टरबाईंना विचारला. सात दिवस औषध नाही, मग कडी कोण घालतं?

"चांगला प्रश्न आहे," त्या म्हणाल्या. "हा मला आधीच विचारायचा होता तुम्ही. आणि मी न विचारता सांगायला हवं होतं." त्यांनी कागदावर अठ्ठावीस खुणा केल्या. "पांढरी गोळी बीजकोशाला झोपवते. बीज पिकत नाही, बाहेर पडत नाही. गर्भाशयाच्या तोंडाशी चिकटा दाट होतो, पुरुषबीजाला वर जाता येत नाही. एकवीस दिवस नीट झोपलेला बीजकोश गोळी थांबली म्हणून लगेच उठून बसत नाही. बीज तयार व्हायला सात दिवस पुरत नाहीत. आठव्या दिवशी नव्या पाकिटातली पांढरी गोळी गेली की तो पुन्हा झोपतो. ते सात दिवस आधीच्या गोळ्याच सांभाळतात."

"मग तपकिरी कशाला?"

"तुमच्या पाकिटात ती लोहाची आहे. रक्ताला बरी, आणि रोजची सवय मोडत नाही. त्या दिवसांत जो स्राव होतो तो गोळी थांबल्यामुळे. दारबिर काही उघडत नाही."

"आणि आठव्या दिवशी नवं पाकीट चालू केलं नाही तर?"

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "तर तो जागा होतो. गोळ्या चुकवण्यात सगळ्यांत वाईट चूक हीच, मधली सात दिवसांची रजा लांबवणं. दहा, बारा, चौदा दिवस. मग दिवस राहू शकतात."

म्हणजे माई दार उघडं असल्याचं सांगत होती आणि थांबायला लावून स्वतःच उघडत होती. ज्यांना दिवस गेले त्या तिचा महिमा गात होत्या.

"आज गोळी चालू कर," डॉक्टरबाई धाकटीला म्हणाल्या. "पण पुढचे सात दिवस नवऱ्याला निरोध वापरायला सांग. सलग सात गोळ्या जाईपर्यंत भरवसा धरायचा नाही."

धाकटी खाली बघत होती. तिने गोळी घेतली नाही. "आधी हात," ती मला बाहेर म्हणाली. "त्या हाताचं सांग."

मी सांगितलं, चिंधीही दाखवली. ती म्हणाली, "हा तुझा आहे. तो त्याचा होता."

रविवारी आम्ही दोघी पहिल्या रांगेत बसलो. माईच्या डावीकडे पांढऱ्या कापडांची चळत होती, अजून कुणाला न दिलेली. काजवालीचा नंबर आला तेव्हा मी उठले.

"माई, या कापडांवर कुणाची लेकरं आहेत?"

"ज्याचं त्याला मिळेल," माई मऊपणे म्हणाली. "बस, बाळ."

मी तिची सोड्याच्या पाण्याची बाटली उचलली आणि चळतीवर पाणी शिंपडलं. वरचं कापड ओढलं, खालच्यावर शिंपडलं, मग त्याखालच्यावर. एकामागून एक हात वर येत होते. पाच, सहा, सात हात. सगळे डावे. सगळ्यांचे अंगठे तेवढेच, आणि प्रत्येकाची करंगळी आत वळलेली, कारण ठसा कापणाऱ्याची कात्री तिथे घसरली होती.

मग मी नव्याने ठसा दाबून वाळवलेली कोरी चिंधी आणि चपलेचा तो ठसा काजवालीच्या हातात दिला. "तूच शिंपड."

तिने शिंपडलं. तिच्या हातातल्या चिंधीवरही हात उमटला. मग तिने माईला विचारलं, "चौदा दिवस कशाला थांबवलंस मला?"

माई म्हणाली की अविश्वासाच्या जागी लेकरं येत नाहीत. तिने पिशवी भरली आणि मागच्या जिन्याने निघून गेली. कुणी तिला अडवलं नाही, कुणी नमस्कारही केला नाही. बायका आपापली कापडं घेऊन पुढे येत होत्या आणि करंगळ्या जुळवून बघत होत्या.

घरी जाताना धाकटी चालता चालता थांबली.

"म्हणजे तो आलाच नव्हता?"

"नाही."

"एकदाही नाही?"

"नाही गं."

ती रस्त्याच्या कडेला बसली आणि रडली. वर्षभरात पहिल्यांदा मी तिला रडताना पाहत होते. मी तिच्याजवळ बसले आणि विचारलं, "कसा दिसत होता?" तिने सांगितलं. केस किती होते, कान कसे होते, नर्सने कशात गुंडाळला होता. हे मी वर्षापूर्वी विचारलं असतं तर कदाचित तिला त्या हॉलची पायरी चढावीच लागली नसती.

तिने त्याच संध्याकाळी गोळी घेतली. नवऱ्याला सगळं समजावून सांगितलं, त्यानेही ऐकलं. काजवाली पुढे काय करायचं ते ठरवायला डॉक्टरबाईंकडे गेली. तिचा निर्णय तिचा होता, पण ती वेळ तिच्यावर माईच्या एका ठशाने आणली होती.

मी एवढंच सांगेन. ज्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला ठाऊक नाही, तो दवाखान्यात जाऊन विचारा, लाजू नका. गोळी रोज घ्या, आणि नवं पाकीट ठरल्या दिवशी फोडा, कुणाच्या हाताची वाट न बघता. एखादी चुकली, उलटी झाली, शंका आली तर नर्सला विचारा. आणि तुमच्या घरातली एखादी बाई दाराकडे बघत बसलेली दिसली, तर तिच्याशी तिच्या गेलेल्या मुलाबद्दल बोला. आपण गप्प बसतो, म्हणून माईसारख्यांचं ऐकलं जातं.