गोठ्यावरची कडी

मी साखरा गावची एक लोखंडी कडी. हसू नका, कडीलाही सांगण्यासारखं असतं काही.

लोहाराच्या भात्यापुढं जन्मले आणि सत्यभामाबाईच्या शेळ्यांच्या गोठ्याला लागले. एक बोकड तर मला शिंगानं उचलायला शिकला होता, मेला! पण सत्यभामाबाई मला दर दिवाळीला तेल लावायची. कडीचं एवढं कोण करतं हो?

तिची सून रागिणी हिंगोलीला हळदीच्या कारखान्यात निवडायच्या कामाला जायची. हळकुंडं घासून चकचकीत करणारं पॉलिशचं मशीन चालवायला शिकायचं, एवढाच तिचा ध्यास. त्या कामाला पगार जास्त आणि मानही. पण मुकादम किशनराव बाईला मशीन देईनात. म्हणे, एक बाई उठली की सोबत दुसरी उठते, चालतं मशीन सोडायचं कुणाच्या भरवशावर?

उठणार नाही तर काय! बायांच्या संडासाला कडीच नव्हती. एक आत गेली की दुसरी बाहेर दार धरून उभी. मुकादमाला हे सांगायची सगळ्यांना लाज. रागिणी तर दिवसभर पाणीच प्यायची नाही, घरी आली की उभ्याउभ्या तांब्या रिकामा करायची.

एकदा सासूनं विचारलंच, "काहून गं, तिकडं पाणी न्हाई का?" तेव्हा रागिणीनं सगळं सांगितलं.

सत्यभामाबाई उठली, पक्कड आणली आणि मला कोयंड्यासकट उपटलं. "शेळ्यायला कडी अन् माझ्या सुनेला न्हाई व्हय? घेऊन जाय. शेळ्या बांधते मी दोरीनं."

दुसऱ्या दिवशी रागिणी मला संडासाच्या दाराला ठोकत असताना आवाजानं किशनराव आले. दार हलत होतं. "साहेब, जरा दार धरा," रागिणी म्हणाली. त्यांनी धरलं. "आमी रोज असंच धरून उभ्या राहतो. आता एकीसोबत दुसरी उठणार न्हाई. मला मशीन शिकवा."

शेवटचा खिळा बसेपर्यंत किशनरावांनी दार धरून ठेवलं. मग म्हणाले, "आधी सांगायचं न्हाई का, पोरी? उद्यापासून ये मशीनवर."

आता रागिणी मशीन चालवते, शेजारी पाण्याची बाटली असते. बायांच्या बोटांनी मीही पिवळी झालेय. तुमच्या कामाच्या जागी कुणी दार धरून उभं आहे का, तेवढं बघा बाबांनो.

सत्यभामाबाईचे उपकार कसे फेडू? तो बोकड दोरी कुरतडून दोनदा पळाला म्हणे. तरी यंदा दिवाळीला तिनं रागिणीच्या हाती माझ्यासाठी तेल धाडलं.