टाचेखालची अंगठी

मी एक जुनी सोन्याची अंगठी आहे, शिक्क्याची. माझ्या माथ्यावर बगळा कोरला आहे आणि त्याचे तोंड चुकीच्या बाजूला आहे. मुद्दामच. गरम मेणावर मला दाबले की तो बरोबर उमटतो. मित्रांनो, माझे वय साडेतीनशेच्या वर आहे. पण मी वयाचे कौतुक सांगायला बसलेले नाही. माणसांना चोराची, आगीची भीती वाटते. मला मात्र माझीच भीती वाटते. का, ते ऐका.

इंग्लंडमधल्या सफक परगण्यात अँब्रोज केरिच नावाचा एक शेतकरी होता. मी त्याच्यासाठी घडवली गेले. जमिनीचा कागद असो की भावाला पत्र, माझा बगळा उमटल्याशिवाय ते पुरे होत नसे. मी तेव्हा चांगलीच तोऱ्यात होते. बाजाराच्या गावाला जाताना वाटेत चोर भेटतील म्हणून अँब्रोज मला काढून बायकोच्या अंगठ्यात घालत असे. तिचे नाव डॅमरिस. तिची मुलगी हेस्टर आठ महिन्यांची होती आणि तिला दात येत होते.

सातूची कापणी चालली होती. हेस्टर सकाळपासून किरकिर करत होती. डॅमरिसने बांधावर बसून मला तिच्या हिरडीवर टेकवले. सोने गार असते, पोरांना बरे वाटते, तिथल्या सगळ्याच आया असे करत. हेस्टर गप्प झाली. मलाही बरे वाटले, खोटे कशाला सांगू. तेवढ्यात कुणीतरी पेंढी बांधायला हाक मारली. डॅमरिस वळली, आणि मी तिच्या घामेजल्या अंगठ्यावरून निसटून आत गेले.

आत अंधार होता, ओला आणि गरम. आणि श्वास नव्हता. त्या एवढ्याशा गळ्यात मी अडकले होते आणि मला स्वतःहून हलता येत नव्हते. अंगठीला हात नसतात, मित्रांनो.

डॅमरिसने बोट घालून मला ओढून काढले. हेस्टर निळी पडली होती. मग ती रडली. डॅमरिसने मला एकदाच पाहिले आणि कापलेल्या सातूच्या धसकटांत भिरकावून दिले. नवऱ्याला सांगितले, पेंढी बांधताना बोटातून निसटली. तीन दिवस सगळे दाताळी घेऊन मला शोधत होते. तिसऱ्या दिवशी मी तिलाच दिसले, मातीत अर्धी चमकत. ती थांबली नाही, वाकली नाही. तिने माझ्यावर टाच ठेवली, सगळा भार देऊन मला खाली दाबले आणि म्हणाली, "इथंही नाही."

तिचे चुकले असे मला कधी वाटले नाही.

पुढे कितीतरी वर्षे डोक्यावरून नांगर गेले. आधी घोड्यांचे, मग इंजिनांचे. प्रत्येक वेळी वाटायचे, आता वर येणार, आणि वर आले की पुन्हा कुणाच्या तरी पोराच्या हाती लागणार. मी खाली राहावे हेच बरे होते.

पण तीन वर्षांपूर्वी, मार्च महिन्यात एका सकाळी डोक्यावर कसलीतरी शीळ ऐकू आली. ती पुढे गेली, परत आली, माझ्यावरच थांबली. मग कुदळीचा घाव बसला आणि उजेड झाला. ते रोलंड गेज होते, निवृत्त सुतार. दर रविवारी शेतमालकाला विचारून ते धातू शोधायचे यंत्र फिरवीत. त्यांची मुलगी ब्रायनी बरोबर होती, आणि तिच्या कडेवर चौदा महिन्यांची टिल्डा.

हा छंद असलेल्या लोकांची एक खोड असते. सापडलेली वस्तू फडक्याने पुसायची नाही, मातीतल्या कणांनी चरे पडतात. म्हणून ती तोंडात टाकायची, जिभेवर घोळवायची आणि माती थुंकून टाकायची. गेजसाहेबांनीही तेच केले. ब्रायनीने नाक मुरडले. "बाबा, तिथं मेंढ्या चरतात." ते हसले. "चाळीस वर्षं खातोय ही माती. मेलो का?"

टिल्डा हसली नाही. ती आजोबांच्या तोंडाकडे टक लावून पाहत होती. ते ब्रायनीला दिसले नाही. मला दिसले, पण मी सांगणार कशी?

त्यांनी मला सापडलेल्या वस्तू ठेवायच्या डब्याच्या झाकणावर ठेवले आणि थर्मासमधून चहा ओतायला घेतला. टिल्डाला खाली घोंगडीवर सोडले. ती रांगत आली. तिने मला चिमटीत धरले, आजोबांसारखीच मान मागे टाकली, आणि मला तोंडात घातले.

पुन्हा तोच अंधार. तोच श्वास नसलेला गळा.

ब्रायनीने पोरीला मांडीवर पालथे घेतले आणि पाठीवर थापा मारल्या. एक. दोन. तीन. मी तिथेच होते. चौथ्या थापेला थोडी सरकले. पाचव्या थापेला मी गवतावर पडले आणि टिल्डाने असा टाहो फोडला की बांधावरचे कावळे उडाले. त्या टाहोइतके गोड मी काही ऐकलेले नाही.

ब्रायनीने मला उचलले आणि अंगात होते नव्हते तेवढ्या जोराने नांगरटीत फेकले.

मग गेजसाहेब म्हणाले, "चूक माझी आहे, पोरी. तिनं माझंच बघून केलं." थोड्या वेळाने ते चाचरत म्हणाले की एवढे जुने सोने सापडले की चौदा दिवसांत सरकारला कळवावे लागते, कायदा आहे. टिल्डाला छातीशी घट्ट धरून ब्रायनी सऱ्यांमधून चालत आली. माझ्यापाशी येऊन थांबली. तिने मला पाहिले होते. तिची टाच उचलली गेली.

मी मनात म्हटले, दाब. मला खाली जाऊ दे.

पण ब्रायनीने पाय मागे घेतला. "पुरली तर पुन्हा कुणीतरी काढील," ती म्हणाली. "आणि पुन्हा कुणाचं तरी लेकरू तिथं असेल." तिने वाकून मला उचलले, डब्यात टाकले आणि झाकण स्वतः फिरवून घट्ट केले.

आता मी जवळच्या शहरातल्या संग्रहालयात, काचेआड आहे. मुले येतात, काचेला नाक लावतात, श्वासाची वाफ धरते. मी प्रत्येक वाफ पाहते आणि निश्चिंत होते. मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. बटण, नाणे, अंगठी, तुमच्या धाकट्या भावंडांच्या हाताला लागेल असे काही ठेवू नका. आणि त्यांच्या देखत स्वतःही तोंडात घालू नका. ती ऐकून नाही, बघून शिकतात.

गेल्या महिन्यात ब्रायनी टिल्डाला घेऊन आली होती. टिल्डा आता चार वर्षांची आहे. माझ्याखालच्या चिठ्ठीवर काय लिहिले आहे, तिने विचारले. ब्रायनीने वाचून दाखवले, "शेतात काम करताना बोटातून निसटून हरवली असावी."

मग ब्रायनी काचेजवळ वाकून बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली.

"हरवली नसेल," ती हळूच म्हणाली. "जिच्या बोटात होती, तिलाही एखादं लेकरू असेल."