सासूबाईंच्या चालीने

दवाखाना घरापासून आठ मिनिटांवर आहे, असं एजंट म्हणाला होता. परदेशात येऊन चार दिवस झाले होते आणि भाड्याचं घर पाहायला आलेलं हे सातवं उपनगर. मुलीसाठी शाळा समोरच, म्हणून नवऱ्याचा जीव या घरात अडकला होता. बायको मात्र सासूबाईंच्या चालीने चढ चढू लागली. वीस पावलं टाकायची, मग गुडघ्यावर हात ठेवून थांबायचं.

"अगं, गोगलगायीशी पैज लागलीय का तुझी?"

"चोवीस मिनिटं झाली, दवाखान्याचा पत्ता नाही. आई वाटेतच बसतील हो. हे घर नको."

नवरा बुटाच्या टोकाने खडा ढकलत राहिला. "आईचा व्हिसाचा अर्ज मी भरलाच नाही," तो म्हणाला. "म्हटलं, पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या महिन्यात आपणही येणार म्हणून सासूबाईंनी लोकरीचे मोजे कधीच बॅगेत भरून ठेवले होते. तिला ते आठवलं आणि ती तिथल्याच कठड्यावर बसली.

"चल ना."

"आधी त्यांना फोन लावा आणि तुमच्या तोंडाने सांगा," ती म्हणाली. "मग घर कुठलंही घ्या."