आनंदनगरीचा वर्षाचा पास

बेसा गावाजवळ आनंदनगरी नावाची खेळ-पाळण्यांची बाग उघडली आणि सारं नागपूर तिकडं लोटलं. चंपतरावांना मात्र तिथं जायची हौस नव्हती, आणि असावी तरी का? ज्या वावरात जन्मभर ज्वारी पेरली, तिथं आता सिमेंटचा हत्ती सोंडेतून पाणी उडवत होता. बरं, वावर त्यांनी स्वतःच राजीखुशीनं विकलेलं. रडायचीही सोय नव्हती.

रडत होती ती त्यांची बायको, मनकर्णाबाई. वावराच्या धुऱ्यावर, बांधावरच्या पिंपळाखाली, मुंजोबा होता, शेंदूर फासलेला दगड. नव्या ज्वारीच्या भाकरीचा नैवेद्य त्याला दाखवल्याशिवाय तिनं कधी घास घेतला नव्हता. व्यवहार करताना चंपतराव विहिरीचं बोलले, आंब्यांचं बोलले, मुंजोबाचं काही बोलले नाहीत. देवाचं काय बोलायचं? वावर कोणाचंही होवो, जुन्या मालकाला देवाच्या पाया पडू द्यायचं, हे शेंबडं पोरही जाणतं. पण शहरातल्या मालकाला कुठली रीत माहीत? त्यानं पिंपळाभोवती पंपघराची जाळी ठोकून कुलूप घातलं. तेव्हापासून बाईनं नव्या ज्वारीला हात लावला नाही, आणि नवऱ्याशीही जेवढ्यास तेवढं बोलू लागली.

नागपूरच्या नंदनवन भागात त्यांचा मुलगा वसंत राहायचा. एका रविवारी त्यानं दोघांना आनंदनगरीत ओढून नेलंच. त्याला घरादाराचा वर्षाचा पास काढायचा होता, पण जागा पुन्हा पुन्हा यायच्या लायकीची आहे का, हे म्हणे बाबांनी सांगायचं. केवढा तो मान!

चंपतरावांनी नगरी बाजारात बैल पारखावा तशी पारखली. भुताच्या गुहेत त्यांना डुलकी लागली. नावेच्या तळ्यात गुडघाभर पाणी. दुसऱ्यांदा यायला इथं काय सोनं पुरलंय, असं त्यांनी सुनेला, सुमतीला, विचारलंसुद्धा. मधेच बायकोला घेऊन पंपघराशी जाऊन पाहिलं, तर पहारेकऱ्यानं हटकलं. मनकर्णाबाई परत फिरली. चंपतरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी सुमतीनं दोघांना मोठ्या पाळण्यात बसवलं. पाळणा वर गेला, थांबला, आणि बाईनं एकदम हात जोडले. म्हातारी घाबरली म्हणून खाली लोक हसले.

"दिसला जी मुंजोबा," ती म्हणाली.

चंपतरावांनी वाकून पाहिलं. जाळीच्या आत, पिंपळाखाली, तोच दगड. त्यावर कोणाचा तरी टॉवेल वाळत होता, पण होता तोच. त्यांच्या छातीवरचं ओझंच उतरलं. ही नगरी एकदा काय, शंभरदा यायच्या लायकीची! पास काढायचा, दर अमावास्येला बायकोला वर बसवायचं, तिथूनच नैवेद्य दाखवायचा. खाली येईस्तोवर त्यांनी सारं ठरवून टाकलं, आणि किती दिवसांनी हसून तिला म्हणाले, "आता तुले नेहमी आणतो वं."

मनकर्णाबाई पाळण्यातून उतरली. चपला सावरून तिनं दोन्ही कानांच्या पाळ्यांना हात लावला.

"मले नका आणू. देवाच्या डोक्यावर पाय लोंबकळवत बसली होती मी. हे पाप एकदा झालं तेवढं पुरे."

आणि ती फाटकाकडं चालू लागली.

वसंत पासाच्या खिडकीशी उभा होता. त्यानं विचारलं, बाबा, काय ठरलं मग?

"काढू नको," चंपतराव म्हणाले. "पाळणा लय उंच हाय."