काटा मधेच होता

मित्रांनो, मी एक जुना काटा आहे. घड्याळातला नाही, आणि पायात रुततो तो तर नाहीच. गाडीच्या स्टिअरिंगमागे, काचेच्या आत, इंजिन किती तापलंय ते दाखवणारा. डावीकडे निळं, उजवीकडे लाल. मी मधे असलो की सगळं ठीक.

मला स्वतःचं डोकं नाही. एक बारीक वायर आहे. तिच्या टोकाचा सेन्सर इंजिनातल्या पाण्यात बुडलेला असतो. तो सांगेल तेवढाच मी हलतो. कित्येक वर्षं चुकलो नाही. मालक चारचौघांत म्हणायचा, "बाकी गाडी खडखडते, पण काटा म्हणजे देवमाणूस." ऐकून बरं वाटायचं. आता त्याच कौतुकाची भीती वाटते.

झालं असं. रेडिएटरच्या खालच्या पाइपाची क्लिप सैल झाली. थेंब थेंब गळायला लागलं. जमिनीवर डागही पडेना, गरम पाइपावरच सुकून पांढरा थर धरायचा. मालक रोज सकाळी बघायचा, "पुन्हा कमी?" वरून पाणी ओतायचा, झाकण लावायचा, निघायचा. वाकून एकदा बघितलं नाही. पाणी गेलं तेवढी हवा आत शिरली. वर चढत चढत सगळ्यात उंच जागी जाऊन बसली. नेमकी माझ्या सेन्सरपाशी.

डॅशबोर्डमागे गुडगुड सुरू झाली. मालकाने रेडिओ मोठा केला.

मग ती थंडीतली सकाळ. मालकाच्या आत्याला घाट ओलांडून हॉस्पिटलात पोचायचं होतं. आतोबांचं ऑपरेशन होतं. त्यांना आत नेण्याआधी तिला एकदा त्यांचा हात हातात घ्यायचा होता. बस, एवढंच.

चढ लागला तसे तिने पाय हीटरसमोर धरले.

"अरे, गार वारा येतोय."

"येईल गरम."

"कधी, मी गेल्यावर? तुझा हीटर तुझ्यासारखाच. नुसती हवा."

मालक हसला.

"आणि हा गोडसर वास कसला रे?"

"आत्या, हा काटा बघ. मधे आहे ना? मग बस की गप्प. आधीच उशीर झालाय."

दोघं माझ्याकडे बघत होते. मित्रांनो, इंजिन तेव्हा भाजून निघत होतं. हीटरपर्यंत गरम पाणी जात नव्हतं, कारण वाटेत हवा अडकली होती. गोडसर वास गळून तापलेल्या पाण्यातल्या कूलंटचा होता. खरं काय ते आत्याच्या पायांना कळत होतं. मला लालकडे झेपायचं होतं. पण सेन्सर पाण्याबाहेर, हवेत. वायरमधून खरी खबर येईना.

वळणावर काहीतरी करकरलं. गाडी थांबली, तेव्हाही मी मधेच होतो.

बॉनेटमधून वाफ आली. मालक फडकं घेऊन धावला.

"त्या झाकणाला हात लावलास तर बघ," आत्या म्हणाली. "कुकर आहे तो आत्ता."

तो मागे सरला. बऱ्याच वेळाने एका ट्रकने तिला घेतलं.

पुढचं मी गॅरेजमध्ये ऐकलं, मालक मेकॅनिकला सांगत होता. आतोबा वाचले. पण आत नेईपर्यंत मान वळवून दाराकडे बघत होते. आत्या नंतर या गाडीत बसली नाही.

मेकॅनिकने इंजिन उघडून नीट केलं, क्लिप बदलली. मग गाडीचं तोंड वर करून, झाकण उघडं ठेवून, हीटर पूर्ण गरमवर लावून इंजिन चालू केलं. बुडबुडे थांबेपर्यंत पाणी भरत राहिला. "नुसतं ओतून भागत नाही," तो म्हणाला, "हवा काढावी लागते."

मालकाने गाडी विकली. आता हिच्यातून शाळेची मुलं जातात. नवा ड्रायव्हर भला माणूस आहे. रोज सकाळी पाणी ओतून झाकण लावतो.

काल डॅशबोर्डमागे पुन्हा गुडगुडलं. त्याने माझ्या काचेवर टिचकी मारली आणि निघाला.

मित्रांनो, गाडीत पाय गार पडले तर बोला. गोड वास आला तर बोला. कोणी माझ्याकडे बोट दाखवून गप्प केलं, तरी बोला.

मी तेव्हाही मधेच असेन.